वास गेलेली चंदनाची पेटी : एका दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं दुमजली घर विकून हे कुटुंब गोत्रीकडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं, तेव्हा सामानात एक पेटी होती. फूटभर लांब, नऊ इंच रुंद, चार बोटं उंच. पेटी चंदनाची, आणि झाकणाच्या कडेने व मधोमध सुरती सादेली कामाची नक्षी. या घरातल्या ज्येष्ठ मावशींच्या आजेसासूबाईंनी ती सयाजीरावांच्या काळात सासरी आणली, एवढंच घरात ठाऊक. (मावशींचं वय अठ्ठ्याहत्तर. ओळख पटेल असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत.) गौरींचे दागिने त्या पेटीत राहायचे, त्यामुळे वर्षातून एकदाच ती बाहेर निघायची. झाकण उघडलं की माजघरापर्यंत वास यायचा, असं मावशी सांगतात. यातली थोडी अतिशयोक्ती मी सोडून देते, पण सगळी नाही.

सादेली ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी : कथील, हस्तिदंत, काळं लाकूड आणि हिरवं रंगवलेलं हाड यांच्या बारीक लांब कांड्या चिकटवून एक जुडगा करायचा आणि तो आडवा कापत जायचा. भाकरवडीचा रोल कापल्यावर प्रत्येक चकतीत तेच वेटोळं दिसतं ना, तसंच इथे प्रत्येक चकतीत तीच चांदणी निघते. ह्या पातळ चकत्या सरसाने (जुन्या प्राणिज गोंदाने) लाकडावर बसवायच्या. ही कला इराणातल्या शिराझहून सिंधमार्गे सुरतेला आली आणि पारशी कारागिरांनी ती वाढवली, असं मानतात. पुढे मुंबईतही अशा पेट्या होऊ लागल्या आणि साहेब लोक त्यांना ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणू लागले.

खाली चंदनच का, याला वासापलीकडेही कारणं आहेत. चंदनाचा पोत इतका बारीक आणि एकसारखा की नुसत्या डोळ्यांना छिद्रं जवळजवळ दिसत नाहीत. गाभ्याचं लाकूड जड असतं, घनमीटरला सुमारे ९०० किलो. पटाशीची धार कुठल्याही दिशेने नेली तरी ते सहसा कडेला उचकटत नाही. हवेतल्या दमटपणाने ते इतर पुष्कळ लाकडांपेक्षा कमी हलतं आणि कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही. ज्याच्यावर नखाएवढे तुकडे शेकड्यांनी बसवायचे, ते लाकूड शांत स्वभावाचं लागतं.

पण कमी हलतं म्हणजे अजिबात हलत नाही, असं नाही. या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

अडचण

जुन्या घरात पेटी जाड भिंतीतल्या लाकडी कपाटात असायची. फ्लॅटमध्ये ती मावशींच्या खोलीत, एसीच्या बरोबर खाली, उघड्या फळीवर गेली. बडोद्याचा मे महिना आधीच कोरडा, त्यात एसी. पहिल्याच उन्हाळ्यात झाकणाच्या फळीला लांबीच्या दिशेने भेग गेली. झाकणाची फळी चारी कडांना पक्की डकवलेली होती. फळीला आकसायला जागाच नव्हती, म्हणून ती तडकली.

सुनेने फर्निचरचं पॉलिश करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने भेगेत भुसा आणि सुतारकामाचा पांढरा गोंद कालवून भरला आणि वरून घासून साफ केलं. शिवाय ‘लाकूड सुरक्षित राहील’ म्हणून पेटीच्या आत मेलामाइनचे, म्हणजे प्लॅस्टिकसारखा कडक थर धरणाऱ्या पॉलिशचे, दोन हात दिले. त्याच्या हेतूत खोट नव्हती. सोफ्याला आणि दाराला जे चालतं तेच त्याने इथे केलं.

मग पावसाळा आला. लाकडाने दमट हवा घेतली आणि फुगू पाहिलं, पण आता भेगेत कडक लांबी (भुसा-गोंदाचं ते भरण) बसलेली. फळीने ताकद लावली ती वरच्या नक्षीवर. मधल्या पट्टीच्या चकत्या उचलल्या गेल्या आणि सात तुकडे पडून हरवले, बहुतेक केरात गेले. आणि वास पार गेला.

गणपतीला दहा दिवस असताना मावशी पेटी घेऊन माझ्याकडे आल्या. माझं काम जुन्या लाकडी वस्तूंच्या दुरुस्तीचं. सोबतीला एक मिस्त्रीकाका, गुजराती, माझ्यापेक्षा चाळीस वर्षांचा अनुभव जास्त. मावशींनी नक्षीबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाल्या, “दिसायचं काय ते दिसू दे गं. वास परत येईल का, तेवढं सांग. आणि गौरींच्या आत दे.”

पहिला निर्णय : नाही म्हणणं

‘गौरींच्या आत’ याला मी नाही म्हणाले. ते सोपं नव्हतं. त्यांच्या मुलाने फोनवर विचारलंच, “एवढीशी पेटी, आठ दिवसांचं काय काम असतं?” भेगेचं काम आठ दिवसांचंच होतं, हे खरं. पण पेटी फुगलेल्या अवस्थेत आली होती. कोरड्या दिवसांत ती किती आकसते हे पाहिल्याशिवाय भेगेचं काय करायचं हे ठरवणं म्हणजे पहिल्या कारागिराची चूक उलट्या बाजूने करणं, असं मला तेव्हा वाटलं. (हा विचार अर्धाच बरोबर होता. त्याबद्दल शेवटी.)

दागिने त्या वर्षी स्टीलच्या डब्यात राहिले.

पर्याय

वासाचा प्रश्न आधी घेतला, कारण मावशींना तोच हवा होता.

मुलाचा सल्ला होता, आतून चंदनाचं तेल चोळायचं. ऐकायला रास्त वाटतं. पण तेल चोळायचं ते मेलामाइनच्या थरावर, म्हणजे काचेवर तेल लावल्यासारखं. थर काढून उघड्या लाकडावर लावलं तरी धूळ धरणार, रेशमाला डाग पडणार, आणि पुढे कधी सांधा डकवायची वेळ आली तर सरस धरणार नाही. शिवाय बाजारातल्या ‘शुद्ध’ तेलाचा भरवसा काय? भारतीय चंदनतेलाचा आंतरराष्ट्रीय निकष आहे : त्यात अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के हवं. दहा मिलीच्या बाटलीवर हे कोण तपासून देणार?

खरी गोष्ट अशी की वास गेलेला नव्हता, कोंडला होता. चंदनाचा वास गाभ्यातल्या या सँटॅलॉलचा. ते सुमारे ३०० अंश सेल्सियसला उकळतं, म्हणजे साध्या हवेत फार सावकाश उडतं. म्हणून शंभर वर्षांची पेटीही वास देते, आणि म्हणूनच नुसतं हुंगलं तर चंदन मंद वाटतं आणि सहाणेवर उगाळलं की दरवळतं. उगाळणं म्हणजे नवा पृष्ठभाग उघडा करणं. उघडं लाकूड हीच वासाची खिडकी, आणि ती पॉलिशने बंद झाली होती.

तेव्हा थर काढणं आलं. पण मेलामाइन एकदा वाळलं की स्पिरिटने विरघळत नाही. चपडीचं (लाखेचं) पॉलिश असतं तर कापसाच्या बोळ्याने तासाभरात निघालं असतं. इथे खरवडणं हाच मार्ग, आणि खरवडताना लाकूडही थोडं जाणारच. किती जाऊ द्यायचं, हा निर्णय प्रत्येक इंचाला नव्याने घ्यावा लागतो.

भेगेसाठी तीन वाटा होत्या. पहिली, झाकणाची फळीच बदलायची. ही मी लगेच सोडली, कारण नक्षी काढून नव्या फळीवर बसवताना निम्मी जाते. दुसरी, भेग तशीच ठेवायची. मिस्त्रीकाकांचं मत हेच होतं : “रहेवा दो, बेन.” तिसरी, भेगेत चंदनाचीच पातळ चीप बसवायची आणि ती एकाच बाजूला डकवायची, म्हणजे दुसरी बाजू ऋतूप्रमाणे हलायला मोकळी. मी तिसरी घेतली. खरं सांगायचं तर काकांच्या वाटेतही काही वाईट नव्हतं, पण झाकणाच्या भेगेतून दागिन्यांवर धूळ पडत होती.

चीप कुठून आणायची

वाटलं होतं त्याहून हे जास्त लांबलं. चंदनाचं लाकूड म्हणजे साग नव्हे, की वखारीत जाऊन दोन फूट मागावं. म्हैसूर संस्थानात टिपूने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवलं, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं तिथे झाड कुणाच्याही आवारात उगवो, मालकी सरकारची. कर्नाटकात २००१ साली कायदा बदलला तेव्हा ते लावणाऱ्याच्या मालकीचं झालं. आता गुजरातेतही शेतकरी चंदन लावताहेत. पण हे झाड अर्धं परोपजीवी, शेजारच्या झाडांच्या मुळांत आपली मुळं खुपसून जगणारं, आणि कामापुरता गाभा धरायला पंधरा-वीस वर्षं घेणारं. कोवळ्या झाडात गाभा बोटभर आणि बाकी पांढरं लाकूड. त्या पांढऱ्याला वास नसतो.

पूजेच्या सामानाच्या एका दुकानातून मी ‘अस्सल’ म्हणून एक तुकडा आणला. पिशवीतून काढताच खोली भरली, तिथेच शंका आली. एका टोकाची ढलपी काढली तर आत पांढरट, आणि त्या ताज्या कापाला वासच नाही. पाण्यात टाकला तर बुचासारखा वर तरंगला. अस्सल गाभा पाण्यात जेमतेम तरंगतो, बहुतेक बुडालेलाच असतो. कुठलं तरी हलकं लाकूड अत्तरात बुडवून ठेवलेलं होतं. हे पैसे माझ्या खिशातून गेले.

शेवटी सोय मावशींनीच केली. त्यांच्या देवघरात सहाणेशेजारी चंदनाचं एक खोड होतं, उगाळून उगाळून तीन बोटांवर आलेलं. हातात धरवत नाही म्हणून बाजूला ठेवलेलं. “हे चालेल का बघ,” म्हणाल्या. मी टोक कापलं. आत तपकिरी-पिवळा गाभा, रेषा सरळ, आणि करवतीच्या पात्याला लागलेल्या भुशाचा वास बोटांवर दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला. उगाळायचं टोक मात्र वर्षानुवर्षं पाणी पिऊन ठिसूळ झालं होतं. ते टाकून मधला भाग घेतला.

काय केलं

सप्टेंबरात भेगेतली लांबी काढली. सुई, दातकोरणी आणि भरपूर संयम. उघडी भेग त्या वेळी ०.४ मिलिमीटर होती. मग पेटी माझ्या खोलीत, एसीपासून दूर ठेवली आणि दर महिन्याला पातळ पात्यांच्या गेजने मोजली. डिसेंबरात ०.८, मेच्या मध्याला १.१. पहिला पाऊस पडल्यावर ती मिटू लागली आणि ऑगस्टात परत ०.४ वर आली. नऊ इंचांच्या फळीला एवढी हालचाल, तीही चंदनात. त्या पॉलिशवाल्याने मेमध्ये १.१ मिलिमीटरची भेग दगडासारखी भरली होती, आणि फुगलेल्या फळीने तुकडे का फेकले ते या आकड्यांतच दिसतं.

दरम्यान खरवडायचं काम हिवाळ्यात केलं. पोलादी पत्तीची धार वळवून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, कागदाहून पातळ पापुद्रे. पहिला दिवस नुसता मेलामाइनचा पांढरा चुरा आणि नाकात प्लॅस्टिकसारखा वास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डाव्या कोपऱ्यात पत्तीखालून पिवळसर कुरळी ढलपी निघाली आणि हात थांबला. अगरबत्तीला चंदनाचा म्हणून जो वास असतो तो हा नव्हे. हा कोरडा, थोडा दुधाळ, पाणी शिंपडलेल्या सहाणेसारखा. काका पलीकडे रंधा मारत होते. त्यांनी मान वर करून नुसतं “हं” केलं. तळ आणि चारी बाजू मिळून तीन दिवस लागले. मेलामाइन मिसळलेला चुरा फेकला. नंतरच्या स्वच्छ ढलप्या बाटलीत भरून मावशींना दिल्या.

आता माझी चूक. उचललेल्या पट्टीखाली पांढरा गोंद झिरपला होता. तो मऊ करायला मी गरम ओलं फडकं ठेवलं, कारण हा गोंद ऊब आणि ओलीने सैल होतो. पण शेजारची शाबूत नक्षी जुन्या सरसावर बसलेली, आणि सरस तर ऊब-ओलीला आणखी लवकर विरघळतो. पाच मिनिटांत दोन इंचांची चांगली पट्टी माझ्या हातात आली, अकरा सुटे तुकडे. हरवला एकही नाही, कारण खाली पांढरा कागद अंथरला होता. ते तुकडे त्यांच्या जागांवर परत बसवायला भिंग लावून सगळी दुपार गेली. मावशींना त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “बसवलेस ना? मग झालं.” मला तेवढं सोपं वाटलं नव्हतं.

चीप पुढच्या ऑगस्टात बसवली, भेग सर्वात अरुंद असताना. चंदन तेलकट असतं, त्यामुळे डकवणारी बाजू ताजी खरवडून, स्पिरिटने पुसून, लगेच सरस लावला. सरसच घेतला, कारण उद्या कुणाला चीप काढायची झाली तर ऊब देऊन निघेल. डावी कड डकवली, उजवी मोकळी ठेवली. आतल्या बाजूला पॉलिश, मेण, तेल, काहीही नाही. बाहेर फक्त जिथे चंदन उघडं दिसतं तिथे चपडीचा एक पातळ हात.

दुसरा निर्णय : सात तुकडे

हरवलेले सातही तुकडे पांढरे होते. शेजारच्यांवर भिंग धरलं की एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. ती हस्तिदंताची खूण. हाडात अशी जाळी नसते, त्यात बारीक काळसर ठिपके असतात. नवा हस्तिदंत हा प्रश्नच नव्हता. देशातला हस्तिदंताचा व्यापार १९८६ पासून बंद आहे, आणि आफ्रिकेतून आणलेल्याचाही १९९१ पासून. (याच कारणाने मुलाला मी सांगितलं की पेटी विकायचा किंवा परदेशी न्यायचा विचार मनातून काढा.)

म्हशीचं हाड रंगाला जवळ जातं आणि सहज मिळतं. मी ते सुचवलं. मावशी ताठ झाल्या. “हाड? गौरींच्या दागिन्यांना?” मी म्हटलं, मावशी, त्यातले हिरवे तुकडे हाडाचेच आहेत, शंभर वर्षांपासून. त्या बराच वेळ झाकणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आता माहीत असून मी घालणार नाही.”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. पेटी त्यांची, गौरी त्यांच्या. मी काळ्या कुड्याचं लाकूड वापरलं. चन्नपट्टणची लाखेची खेळणी परंपरेने ज्या झाडाची करतात तेच हे. पांढरं, अगदी बारीक पोताचं, हस्तिदंताच्या जवळ जाणारं. फरक जवळून कळतो, आणि कळावा असंच माझं मत. पुढे कुणी दुरुस्ती करेल त्याला जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे दिसायला हवं.

निकाल

पेटी जवळजवळ वर्षाने घरी गेली, गौरींच्या चार दिवस आधी. आता ती लाकडी कपाटात असते, एसीच्या झोतापासून दूर. दागिने मलमलच्या पिशव्यांत, आणि आत डांबरगोळ्या नाहीत. त्यांचा वास उघडं लाकूड धरून ठेवतं.

वास पूर्वीइतका नाही. झाकण उघडल्यावर येतो, हातभर अंतरावर जाणवतो, माजघरापर्यंत पोचत नाही. फ्लॅटला माजघरही नाही, हे वेगळं.

पुढच्या मेमध्ये मावशींचा फोन आला : “भेग परत आली गं.” चिपेच्या उजव्या कडेला केसाएवढी फट, ठरवल्याप्रमाणे. हे देताना सांगितलं होतं, पण कागदावर लिहून दिलं नव्हतं. श्रावणापर्यंत थांबा, म्हटलं. श्रावणात फट मिटली, हे सुनेने कळवलं, मावशींनी नाही.

आज करायचं तर

वर्षभर थांबायची गरज नव्हती. भेग सर्वात अरुंद असते ती भर पावसाळ्यात, आणि पेटी माझ्याकडे आली तो ओला काळच होता. लांबी काढून त्याच आठवड्यात ०.४ मिलिमीटरची चीप एका बाजूला डकवली असती, तरी परिणाम हाच आला असता. मोजमाप मी माझ्या खात्रीसाठी घेत राहिले, आणि त्या खात्रीची किंमत मावशींनी एक गौरीपूजन देऊन चुकवली. खरवडणं आणि नक्षी तेव्हाही दहा दिवसांत झाली नसतीच, पण ती गौरींनंतर करता आली असती.

ओलं फडकं ठेवण्याआधी मागच्या कोपऱ्यात एका चकतीवर करून बघायला हवं होतं, आणि शाबूत नक्षीवर मेणाचा थर द्यायला हवा होता. आता मी तापवलेली कोरडी पातळ पट्टी आत सरकवते, पाणी नाही.

हाडाचं बोलणं मी आधीच काढायला हवं होतं, पर्याय मांडतानाच. काम अर्ध्यावर आल्यावर नव्हे. त्या माणसाला पेटीबद्दल जी गोष्ट अठ्ठ्याहत्तर वर्षं माहीत नव्हती, ती मी घाईत, माझा मुद्दा पटवायला, सांगून टाकली.

मागच्या कोपऱ्यात कथलाच्या दोन तारा थोड्या उचललेल्या आहेत. खालचं लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. बोट फिरवलं तर टोचतात. त्या दाबून बसवायला सून सांगत होती. काकांनी नुसती मान हलवली, आणि त्या अजून तशाच आहेत.